मानसिक आजारातून सावरलेल्यांना पीअर सपोर्ट वर्कर म्हणून पगारावर घेताना नेमकं कुठे अडतं?

तुमची संस्था राजापूरकडे असे दोघे, म्हणजे स्वतःच्या आजाराच्या अनुभवातून इतर पेशंटना आधार देणारे, कामाला घेऊ पाहतेय असं तुम्ही लिहिलंय. मी रत्नागिरी जिल्ह्यात याच क्षेत्रात समाजसेवक आहे, म्हणून इथलंच सांगतो.

कलंकाबद्दल सगळेच बोलतात, पण पहिलं घोडं अडतं ते कागदावर. पदच नाही! जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका ही पदं आहेत. आजार भोगल्याच्या अनुभवावर कोणी लागेल असं एकही नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला पुनर्विलोकन मंडळाचा (पेशंटच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचा) सदस्य होता येतं, पण उपचार केंद्रात त्याला पगारावर नेमायची तरतूद त्यात नाही. मग 'स्वयंसेवक' म्हणून तुटपुंज्या मानधनावर राबवतात. २०१६च्या दिव्यांग कायद्यातलं आरक्षण? त्याला किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो, आणि माणूस सावरला की टक्का उतरतो. आपल्याला तर सावरलेलाच हवा.

पद मिळालं तरी स्टाफ सामावून घेईलच असं नाही. ओळखीतला एक जण एका केंद्रात लागला. गोळ्यांनी सुस्ती येते म्हणून त्या गुपचूप बंद करणारे पेशंट डॉक्टरांना नाही, त्याला सांगायचे. पण मीटिंगमध्ये त्याने वेगळं मत मांडलं की कोणीतरी विचारणारच, "काय रे, गोळी चुकली का?" केसपेपरच्या कपाटाची चावी त्याला कधी दिली नाही. शेवटी नंबर पुकारायला बसवला. शुगरवाल्याने दोन दिवस रजा टाकली तर कोणी विचारत नाही. याने टाकली की "परत सुरू झालं वाटतं".

आणि आपल्याकडे ही नोकरी धरणं म्हणजे अख्ख्या वाडीला सांगणं. "याला रत्नागिरीला न्यायला हवा" (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) ही थट्टा ऐकतच मोठे झालोय सगळे. गणपतीला चाकरमानी आले की बातमी मुंबईला पोचते. "आधी बहिणीचं लग्न होऊ दे, मग बघू," असं घरचे म्हणतात, आणि चांगली चांगली मुलं तिथेच गळतात. त्यांना दोष देववत नाही.

माझं मत विचाराल तर एकट्याला घेऊ नका, दोघंच घ्या. काम लेखी ठरवा, पगार महिन्याच्या महिन्याला द्या. नेमणूकपत्रात आजाराचा उल्लेख नको. कोणाला काय सांगायचं ते त्यांचं ते ठरवतील. आणि सकाळच्या पहिल्या एसटीने यायची सक्ती करू नका, रात्रीच्या गोळीचा अंमल बऱ्याच जणांना सकाळी उशिरापर्यंत असतो.