इंग्लंडमध्ये बागेतली लागवड आणि मुलांच्या सुट्टीतली सहल एकाच वसंतात कशी जमवावी?

तुम्ही विचारलंय की मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात, नवं घर घेतलंय, पहिल्यांदाच मागे बाग मिळाली आहे, यंदा भाजी लावायची आहे. पण ईस्टर आणि मेच्या सुट्ट्यांत मुलांना घेऊन तीन-चार दिवस खेड्यांकडेही जायचंय, तर कधी आणि कुठे जावं. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘नवरा म्हणतो, चार रोपांसाठी सुट्टी का मोडायची?’ त्या वाक्यामुळे मी लिहायला बसले.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. अण्णांची द्राक्षबाग. डिसेंबर-जानेवारीत पारा पार खाली गेला की भरलेले मणी तडकतात, म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबक सोडायचं. संध्याकाळी अण्णा अंगणात उभे राहून दोनच गोष्टी बघायचे: आभाळ स्वच्छ आहे का आणि वारा पडलाय का. दोन्ही असलं की आईला म्हणायचे, ‘आज जागायचंय.’ नवरा दादरच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेला. त्याला थंडी म्हणजे स्वेटर.

आम्ही डर्बीत राहतो. काही वर्षांपूर्वी मार्चच्या मध्यावर मी खिडकीत टोमॅटो पेरले. अठरा रोपं झाली. शिवाय दुधीची चार, आणि मुलाने शाळेतून कागदी पेल्यात आणलेला लाल भोपळ्याचा एक कोंब. एप्रिल संपताना रोज सकाळी ट्रे बाहेर, रात्री आत, असं करून रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावत होते. तेवढ्यात नवऱ्याने मेच्या पहिल्या बँक हॉलिडेला, म्हणजे पहिल्या सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीला जोडून, श्रॉपशरमध्ये चर्च स्ट्रेटनजवळ तीन रात्रींचं कॉटेज घेतलं. मला न विचारता, पण आनंद देण्यासाठीच घेतलं होतं, हेही खरं. मी म्हटलं, ट्रे घरात ठेवले तर पाण्यावाचून माना टाकतील, बाहेर ठेवले तर फ्रॉस्टची, म्हणजे रात्री गोठून पडणाऱ्या हिमाची भीती. तो म्हणाला, ‘मे लागलाय. शेजारचे आजोबा पाणी घालतील. अण्णांसारखं बागेला बांधून घेऊ नकोस, सुट्टी मुलांची आहे.’ अण्णांचं नाव निघाल्यावर मी गप्प बसले. एक ट्रे शेडच्या मागे आडोशाला ठेवला, एक कुंपणाजवळ.

शनिवारी रात्री मुलं झोपल्यावर मी कॉटेजच्या अंगणात आले. चांदण्या खच्चून भरलेल्या आणि झाडाचं पान हलत नव्हतं. मी आत जाऊन सांगितलं, आज फ्रॉस्ट पडणार. दहा वाजून गेले होते. आजोबा ऐंशीच्या पुढचे, या वेळी फोन कसा करायचा म्हणून केला नाही. त्याची चुटपुट अजून आहे. सकाळी गाडीच्या काचेवर पांढरा थर होता. नवरा कार्ड घेऊन काच खरवडत होता आणि मी तो आवाज ऐकत उभी होते.

त्या दिवशी आम्ही स्टोकसे कासल पाहिला. तेराव्या शतकात लडलोच्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेला वाडाच तो, फार सुंदर. मुलं दालनातून पळत होती. वाटेत झाडाखाली ब्लूबेल फुललेल्या, शेतात मेंढ्यांची कोकरं. माझं त्यात कशातच लक्ष लागलं नाही.

घरी आलो तर आजोबांनी संध्याकाळचं आभाळ बघून कुंपणाजवळचा ट्रे न सांगता स्वतःच्या ग्रीनहाउसमध्ये नेऊन ठेवला होता. शेडमागचा त्यांना दिसलाच नाही. अकरा टोमॅटो आणि चारही दुधी उकडलेल्या पालेभाजीसारख्या काळपट होऊन लोळल्या होत्या. भोपळाही त्यातच. मुलगा दोन दिवस त्या पेल्यात पाणी घालत राहिला. नवरा म्हणाला, ‘गार्डन सेंटरमधून नवी आणू, दोन-तीन पाउंडांचा प्रश्न.’ त्या पोराकडे बघितल्यावरही त्याला हे म्हणवलं, याचा मला आजही राग आहे.

आता तुमचं. ईस्टरला बिनधास्त जा. गुड फ्रायडेला बटाटे लावायची इथली जुनी रीत आहे. पण ईस्टर कधी मार्चअखेर, कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, म्हणून तारखेपेक्षा मातीला हात लावून ठरवा. बटाटे, वाटाणा, पालक, कोथिंबीर लावून वर फ्लीसचं, म्हणजे थंडीपासून झाकायचं पातळ पांढरं कापड टाका आणि निघा; माती ओली असते, चार दिवसांत काही मरत नाही. बटाट्याचे कोंब फ्रॉस्टने काळे पडले तरी खालून पुन्हा फुटतात. टोमॅटो, दुधी, भोपळा, घेवडा यांना मात्र मेअखेरपर्यंत रात्री उघड्यावर ठेवायचं नाही. मेअखेरीचा लंडनचा चेल्सी फ्लॉवर शो झाला की बाहेर लावा, हे आजोबांचं वाक्य मी तेव्हापासून पाळते. म्हणून मेच्या पहिल्या बँक हॉलिडेला मुक्कामी जायचं नाही. दिवसाची सहल करून रात्री घरी. लांबचा मुक्काम मेअखेरच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळांच्या आठवडाभराच्या सुट्टीत. जाण्याआधी रोपं जमिनीत लावू नका, चार दिवसांत गोगलगायी फडशा पाडतात आणि त्यांना मारणारे मेटाल्डिहाइडचे निळे दाणे 2022 पासून बंद आहेत. मोठ्या कुंड्यांत सावलीला ठेवा आणि शेजाऱ्यांना सगळ्या कुंड्या फिरून दाखवा. शेडमागच्याही.

कुठे जावं? बँक हॉलिडेला कॉट्सवोल्ड्समधल्या बोर्टन-ऑन-द-वॉटर या गर्दीच्या खेड्याला जाऊ नका, दिवस पार्किंग शोधण्यात जातो. मी वूस्टरशरमधल्या ईव्हशमच्या खोऱ्याला जाते. एप्रिलमध्ये तिथे आलुबुखाराच्या, म्हणजे प्लमच्या बागा पांढऱ्या झालेल्या असतात, मग सफरचंदाचा मोहोर. 23 एप्रिलच्या सेंट जॉर्ज डेपासून 21 जूनपर्यंत रस्त्याकडेला शतावरीच्या, म्हणजे ॲस्परॅगसच्या कोंबांच्या जुड्या मिळतात, तव्यावर तेल-मीठ घालून परता. लेक डिस्ट्रिक्टही सुंदर, पण लहान मुलांना घेऊन तीन दिवसांत फार धावपळ होते.

हे सगळं मिडलंड्सचं. कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला फ्रॉस्टची भीती कमी, उत्तरेकडे जून लागला तरी सांभाळावं लागतं. तुमच्याकडे ग्रीनहाउस असेल तर पहिल्या बँक हॉलिडेलाही जाता येईल, माझ्याकडे नव्हतं. आणि आमचं श्रॉपशर वाईट नव्हतं, मुलांना अजून आठवतं.

आग्नेय इंग्लंडमधल्या केंट-ससेक्सचे द्राक्षवाले एप्रिल-मेमध्ये कोवळे कोंब वाचवायला रात्री ओळींतून मेणाचे डबे पेटवतात. त्याचा फोटो मी नवऱ्याला दाखवला. त्याने तो बराच वेळ बघितला, पण अण्णांबद्दल बोललेलं परत घेतलं नाही. तुमच्या घरी हाच वाद होणार असेल, तर कॉटेजचं बुकिंग करण्याआधी बियांची पाकिटं टेबलावर मांडा, मागे छापलेले पेरणीचे आणि बाहेर लावायचे महिने त्याला वाचायला लावा, आणि मग दोघांनी मिळून कॅलेंडर उघडा.