वजन बसलं, खेळाडू पडला, जबाबदार कोण?

पत्र : मी २४ वर्षांचा आहे. विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळलो, बी.ए. झालं. सध्या पंचवटीतल्या एका माध्यमिक शाळेत सतरा वर्षांखालच्या मुलांना मानधनावर कबड्डी शिकवतो. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमचा मुख्य चढाईपटू गटाच्या वजनमर्यादेपेक्षा दीड किलो जास्त भरला. मी त्याला एवढंच म्हणालो, "बघ बाबा, संघ तुझ्यावर आहे." रात्री तो जेवला नाही. सकाळी रेनकोट घालून पळताना मला दिसला. वजन बसलं, पण दुसऱ्या सामन्यात चक्कर येऊन पडला. सलाइन लावल्यावर बरा झाला; सामना आम्ही हरलो. आता त्याचे वडील शाळेत येऊन भांडून गेलेत. मुख्याध्यापक म्हणतात, जबाबदार तुम्हीच. प्रवेशिकेवर ज्यांची सही आहे ते क्रीडाशिक्षक गप्प आहेत. मी त्याला उपाशी राहायला सांगितलं नव्हतं. कोचिंग सोडून सरळ पोलीस भरतीच्या मागे लागू का? (नाव छापू नये.)

उत्तर : भरतीचं नंतर बघू. आधी "मी सांगितलं नव्हतं" या वाक्याचं बघू, कारण तुमचं सगळं पत्र त्याच्या आधाराने उभं आहे.

सांगितलं नव्हतंत, हे खरं धरतो. पण तो रेनकोट घालून पळताना तुम्हाला दिसला. त्याचा अर्थ तुम्हाला कळत होता; तुम्ही स्वतः या खेळातून आला आहात. दहावीतल्या मुलाला प्रशिक्षकाने "संघ तुझ्यावर आहे" म्हटल्यावर तो त्यातून काय समजेल, हेही तुम्हाला ठाऊक होतं. त्या मिनिटाला "काढ तो रेनकोट, पाणी पी, आज तू खेळणार नाहीस" म्हणू शकणारा मैदानावर एकच माणूस होता. म्हणून माझ्या मते मुख्याध्यापक अर्धं बरोबर बोलतायत. उरलेल्या अर्ध्याकडे येतोच.

एका रात्रीत दीड किलो उतरतं ते चरबीचं नसतं, बहुतेक पाणीच असतं. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की दम आणि चपळाई कमी होते. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलाच्या बाबतीत हे जेमतेम एक-सव्वा किलो झालं. म्हणजे तो चढाईला गेला तेव्हाच रिकामा होता. रेनकोटमध्ये तर घाम वाळत नाही, शरीर थंड होऊ शकत नाही आणि ताण हृदयावर येतो. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिना-दीड महिन्याच्या आत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन खेळाडू असंच वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे असले सूट आणि घाम काढण्याचे प्रकार नियमाने बंद झाले. आपल्याकडे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमने अपात्र ठरली. रात्रभर काय काय करून पाहिलं, हे सगळ्या देशाने वाचलं. ती अनुभवी मल्ल, सोबत डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ. तुमच्याकडे शाळेची पाण्याची टाकी आणि एक घाबरलेलं पोरगं.

आता काय करायचं? आधी त्याच्या घरी जा. शाळेत बोलावू नका, फोनवर उरकू नका. वडील चिडलेले असतील, बोलून घेऊ द्या. "मला दिसलं होतं, मी थांबवायला हवं होतं" हे त्या मुलासमोर म्हणा. त्याच्यासमोर अशासाठी, की तो या क्षणी स्वतःलाच दोषी धरत असणार, आणि संघातली दोन-तीन पोरं "तुझ्यामुळे हरलो" असं त्याला ऐकवून मोकळी झाली असणार. संघासमोरही हेच बोला. कर्णधाराला वेगळं बाजूला घेऊन सांगा, की या विषयावरची टिंगल तो थांबवेल. पंधरा-सोळा वर्षांची पोरं सर चुकल्यावर कसे वागतात हे बारकाईने बघत असतात. तुमच्या पकडीच्या सरावापेक्षा ते त्यांच्या जास्त लक्षात राहतं.

मुख्याध्यापकांकडे मात्र नुसती मान खाली घालून जाऊ नका. त्यांचा अर्धा वाटा इथे आहे. मला शंका आहे की तुमच्याकडे नेमणुकीचं पत्रच नसेल. मानधनावरच्या बहुतेक मुलांकडे नसतं. "या, शिकवा, बघू" एवढ्यावर वर्षं जातात. मग जिंकलं की फोटोत सगळे, आणि काही झालं की प्रशिक्षक एकटा. एक पानाचा अर्ज द्या : काय घडलं, माझी चूक कुठे झाली, आणि पुढच्या हंगामासाठी शाळेकडून काय हवं. खेळाडूंची वैद्यकीय तपासणी, सामन्याच्या जागी प्रथमोपचार पेटी, पालकांची लेखी संमती, संघाबरोबर जाणाऱ्या जबाबदार शिक्षकाचं नाव. क्रीडाशिक्षकांची तक्रार त्यात करू नका. सही कोणाची होती हे कागदावर आहेच.

कायद्यालाही "मी काही केलं नव्हतं" नेहमी पुरत नाही, हेही माहीत असू द्या. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल कळूनही न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार स्वतंत्र गुन्हा आहे. बाहेरगावी मुक्कामी संघ नेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचलेलं असावं. वजनाचं प्रकरण तसं गुन्ह्याचं नाही, पण बघून गप्प राहण्याची सवय सगळीकडे सारखीच महाग पडते.

वजनाचा प्रश्न खरं तर जूनमध्येच सोडवायचा असतो. दर आठवड्याला सगळ्यांचं वजन वहीत लिहा. वाढत्या वयातला मुलगा चार महिन्यांत तीन किलो सहज वाढतो, त्यात त्याचा काय दोष? तो गटाबाहेर जाणार असं दिसलं, की दुसरा चढाईपटू तयार करायला घ्या. एकाच पोरावर उभा असलेला संघ ही प्रशिक्षकाची आखणी चुकल्याची खूण आहे. तुमचा संघ तसा होता. कविता राऊत सावरपाड्याहून नाशिकला येऊन विजेंद्रसिंग यांच्याकडे वर्षानुवर्षं धावली, तेव्हा कुठे २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक आलं. शालेय जिल्हा स्पर्धा हा त्या रस्त्यावरचा पहिला थांबा.

आता भरती. त्र्यंबक रोडवरची पोलीस अकादमी बघत वाढलेल्या नाशिकच्या पोराला भरतीचं आकर्षण असणारच, आणि खुल्या गटाची २८ ची मर्यादा धरली तरी तुमच्या हातात वेळ आहे. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक तुम्हाला जड नाही. लेखीला बसावं लागेल. वर्दी आवडत असेल तर जरूर जा. पण या प्रकरणातून सुटका म्हणून जात असाल, तर तिथेही वरिष्ठ, हुकूम आणि "मी सांगितलं नव्हतं" हे सगळं आहेच.

कोचिंगमध्ये राहायचं असेल तर नुसत्या खेळाडूपणावर किती दिवस काढणार? शाळेत कायम क्रीडाशिक्षक व्हायला बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) लागतं, दोन वर्षांचं. त्यासाठी राज्याची सीईटी असते आणि तिच्यात मैदानी चाचणीही असते. प्रशिक्षक म्हणूनच पुढे जायचं असेल तर पटियालाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा बघा. तो लगेच जमत नसेल तर त्यांचाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स करा. माझं मत विचाराल तर आधी बी.पी.एड., कारण त्यात शरीरशास्त्र आणि क्रीडावैद्यक नीट शिकवतात, आणि तुमचं नडलं ते तिथेच. सीईटीचा अर्ज भरण्याआधी शाळेतल्या कामाचा अनुभव-दाखला मात्र मागून घ्या. मुख्याध्यापक सध्या रागात आहेत, तेव्हा दाखल्याचं बोलणं त्या मुलाच्या घरी जाऊन आल्यावरच काढा.