बदनामीचा दावा नंतर, आधी ३० सप्टेंबर

प्रश्न : माझ्या बहिणीवर तिच्या पाच महिन्यांच्या मुलाला पाण्याच्या पिंपात बुडवून मारल्याचा आरोप आहे. ३ जुलैला तिला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले, तेव्हापासून ती कोठडीत आहे. गावात मेणबत्ती मोर्चा निघाला, एस. टी. स्टँडवर तिच्या फोटोसह ‘फाशी द्या’ असा फलक लागला, एका वाहिनीने तिला ‘कैदाशीण’ म्हटले. तालुक्याच्या वकील संघाने तिचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला आहे. मी मुलाखत देऊन आमची बाजू मांडली, पण उपयोग झाला नाही. बदनामीचा दावा कसा लावावा? (पत्राची तारीख १० सप्टेंबर)

उत्तर : अशी पत्रे मला वरचेवर येतात. मूल जाते, आई किंवा बाप अटकेत जातो, आणि घरची माणसे पहिले दोन महिने गावाला उत्तरे देण्यात घालवतात. तुमच्या पत्रातही चार पाने मोर्चा आणि फलकाची आहेत आणि कोठडीच्या तारखेला जेमतेम एक ओळ मिळाली आहे. तुमच्या बहिणीच्या दृष्टीने आज त्या ओळीइतके महत्त्वाचे दुसरे काहीही नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) प्रमाणे खुनासारख्या गुन्ह्यात पोलिसांनी ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. पहिल्या कोठडीचा दिवस या मोजणीत धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कपिल वाधवान प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे ३ जुलै हा पहिला दिवस, तुम्ही पत्र लिहिले तो ७० वा, आणि ३० सप्टेंबर हा ९० वा. तोपर्यंत दोषारोपपत्र आले नाही, तर १ ऑक्टोबरला न्यायालय उघडताच अर्ज पडला पाहिजे. हा अर्ज कोठडी देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच करायचा असतो. खुनाचा आरोप आहे म्हणून त्यासाठी सत्र न्यायालयात जावे लागत नाही.

या जामिनावर मी एवढा भर देतो, कारण त्यात आरोप किती भयंकर आहे, गाव किती संतापले आहे, याचा विचार करण्याची न्यायालयाला मुभाच नाही. दिवस भरले का, दोषारोपपत्र आले का, आरोपी जामीन (म्हणजे जामीनदार किंवा रक्कम) द्यायला तयार आहे का, एवढेच पाहायचे असते. बिक्रमजीत सिंग प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडला, आणि त्याच वर्षी टाळेबंदीमुळेसुद्धा ही मुदत वाढत नाही असे सांगितले. मात्र हक्क आपोआप अमलात येत नाही, तो मागावा लागतो. सकाळी साडेदहाला देता आला असता तो अर्ज वकिलाने दुपारी चारला आणला आणि तोवर पोलीस हवालदार दोषारोपपत्राचा गठ्ठा आवक टेबलावर ठेवून गेला होता, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या आरोपीचा नियमित जामीन, म्हणजे आरोपाचे गांभीर्य पाहून न्यायालय ठरवते तो, व्हायला पुढे कित्येक महिने लागले. म्हणून अर्जावर आवक शिक्क्याबरोबर वेळही लिहून घ्या आणि ‘आरोपी जामीन देण्यास तयार आहे’ हे वाक्य त्यात असू द्या.

गावाचा राग तुम्हाला खरा नडणार आहे तो जामीनदाराच्या बाबतीत, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००१ च्या निकालाप्रमाणे, जामिनाचा आदेश झाल्यावरही जामीनदार वेळेत उभा राहिला नाही आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आले, तर हक्क संपतो. ज्या गावात तुमच्याशी कोणी बोलत नाही, तिथे सातबारा घेऊन कोण येणार? म्हणून दुसऱ्या तालुक्यातील मामा, आतेभाऊ, जुना मित्र, जो कोणी येईल त्याच्याशी आजच बोला आणि तहसील कार्यालयातून त्याचा ऐपतीचा दाखला काढायला लावा, कारण तो दाखला एका दिवसात मिळत नाही. जामीनदार स्थानिकच असला पाहिजे असा आग्रह न्यायालयांनी धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुचवले आहे. तात्पुरता रोख जामीन मागून जामीनदारासाठी काही आठवडे घेण्याची प्रथाही आपल्याकडे आहे. ती मान्य करणे न्यायालयाच्या मर्जीवर असते.

पोलिसांनी ९० दिवसांच्या आत अपुरे दोषारोपपत्र दाखल केले आणि व्हिसेराचा (मृतदेहातील अवयवांच्या तपासणीचा) अहवाल नंतर जोडू म्हटले, तर काय, याचे ठाम उत्तर मी कागद पाहिल्याशिवाय देणार नाही. नियमित जामिनासाठी स्त्री आरोपीला कलम ४८० मध्ये सवलतीची तरतूद आहे, पण ती मिळेलच असे नाही.

वकील संघाच्या ठरावाला घाबरू नका. ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे ठराव निरर्थक ठरवले आहेत. भांडत बसायलाही वेळ नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. उद्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा आणि कारागृहातून तिच्या सहीचे वकीलपत्र मागवा. हे जुलैतच व्हायला हवे होते.

आता बदनामीबद्दल. फौजदारी तक्रारीला साधारण ३ वर्षे आणि नुकसानभरपाईच्या दाव्याला १ वर्ष मुदत आहे, म्हणजे तो विषय थांबू शकतो. शिवाय बदनामी तिची झाली आहे, त्यामुळे तुमच्या नावाने तक्रार टिकणे कठीण आहे. तपास चालू असताना वाहिन्यांनी आरोपीला दोषी ठरवणे हा न्यायदानात अडथळा ठरू शकतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटले आहे. त्याचा उपयोग पुढे करता येईल. लोकांचा निवाडा किती घाईचा असतो हे नोएडाच्या तलवार दाम्पत्याने भोगले आहे. २००८ साली त्यांच्या मुलीचा खून झाला आणि आरोप आईवडिलांवरच आला, २०११ मध्ये गाझियाबादच्या न्यायालयाच्या आवारात एका माणसाने वडिलांवर कोयत्याने वार केले, २०१३ मध्ये दोघांना जन्मठेप झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. तुमच्या बहिणीच्या बाबतीत असाच निकाल लागेल असे मी म्हणत नाही. मात्र न्यायालयाच्या आवारात तिच्यावर तसा हल्ला होऊ नये म्हणून पुढची तारीख दूरचित्रसंवादाने घ्यावी असा अर्ज आधीच द्या.

तुमच्या मुलाखतीची चित्रफीत मी पाहिली. ‘ती आजारी होती, तिच्या हातून झाले’ असे तुम्ही म्हणालात. प्रेमापोटी म्हणालात हे कळते, परंतु तिने स्वतः जे कबूल केलेले नाही ते तुम्ही तिच्या वतीने साऱ्या जिल्ह्याला सांगून टाकले, आणि पोलीस उद्या तुम्हालाच साक्षीदार करू शकतात. यापुढे मुलाखत नाही आणि ग्रुपवर एक ओळही नाही.

त्या चित्रफितीत तुमच्या मांडीवर तिची सहा वर्षांची थोरली मुलगी बसलेली दिसते. ती या घटनेची साक्षीदार ठरू शकते, आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार साक्षीदार बालकाची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. हे एक काम मात्र थांबू शकत नाही. वाहिनीला आजच लेखी नोटीस देऊन तो भाग काढायला लावा आणि बाल कल्याण समितीलाही कळवा. त्या दिवशी काय झाले, हे तिला घरात कोणीही विचारू नये, शिकवू तर मुळीच नये.

राहिला आजाराचा मुद्दा. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारात आईच्या हातून बाळ गेले, तर इंग्लंडमध्ये त्यासाठी १९३८ चा वेगळा कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही. आपल्याकडे मनोविकल माणसाचे कृत्य गुन्हा न मानणारे भारतीय न्याय संहितेचे कलम २२ आहे, आणि त्या क्षणी कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक असल्याचे कळण्याची शक्ती नव्हती हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. श्रीकांत आनंदराव भोसले या पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनातून सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सोडले, ते मुख्यतः घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या उपचारांच्या कागदांमुळे. बाळंतपणानंतर बहिणीला झोपेच्या आणि ‘डोक्याच्या’ गोळ्या चालू होत्या, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. त्या चिठ्ठ्या, औषध दुकानाच्या पावत्या, रिकाम्या पाकिटांच्या पट्ट्यासुद्धा, तिच्या सासरी असतील तर दोन पोक्त माणसांना घेऊन जाऊन मागा. दिल्या नाहीत, तर वकिलामार्फत न्यायालयाकडून मागवाव्या लागतील. ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्यांच्याकडून नोंदीची प्रत लेखी अर्जाने घ्या. सगळे तिच्या वकिलाच्या हाती द्या, आणि फोटो काढून कोणालाही पाठवू नका.