इतुरेनला जाताय? आधी एवढं वाचा

स्पेनमधल्या नावारा प्रांतातल्या इतुरेन गावचा हा बास्क लोकांचा कार्निव्हल जानेवारीच्या शेवटच्या रविवारनंतरच्या सोमवारी-मंगळवारी असतो; तारीख बघूनच तिकीट काढा. सोमवारी शेजारच्या सुबिएता गावचे योआल्दुनाक (कमरेला घंटा बांधून चालणारे सोंगाडे) चालत इतुरेनला येतात, मंगळवारी इतुरेनचे तिकडे जातात. दोन्ही दिवस जमत नसतील तर सोमवार धरा.

जरा लवकर पोहोचा. मला तर मिरवणुकीपेक्षा आधीची बांधाबांध जास्त आवडते: अंगावर मेंढीचं कातडं, डोक्यावर रिबिनींची उंच टोकदार टोपी, कमरेमागे दोन भल्यामोठ्या घंटा. दुसऱ्यांनी दोर ओढून आवळायचे, अगदी श्वास अडेपर्यंत, कारण घंटा सैल राहिली की ताल गेला!

फोटोसाठी रांगेत घुसू नका. आणि जुनेच कपडे घाला. बाकीची सोंगं चिखल उडवतात, तक्रार कुणी ऐकत नाही.