ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्स ऑइलचं तापमान बघायला वेगळा मीटर बसवावा का? रोज घोडबंदर रोड, गायमुखच्या चढावर कोंडीत गिअर बदलताना धक्के बसतात.

मीटर बसवू नका. कूलरची नळी कापायची, टी-जॉइंट टाकायचा, डॅशबोर्डपर्यंत वायर ओढायची. पुढे तोच जोड पाझरतो आणि वॉरंटी असली तर तिच्यावरूनही भांडण. कंपनीने गिअरबॉक्सच्या आत सेन्सर दिलेलाच आहे, त्याचा आकडा फक्त वाचायचा आहे.

आधी गाडी एएमटी (साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी यंत्रणा) नाही ना ते बघा. एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, नसतोच. तिथला धक्का क्लचचा, पुढचं वाचू नका.

स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायची जागा) ईएलएम३२७ डोंगल लावा, म्हणजे ती माहिती फोनवर पाठवणारं छोटं यंत्र. अगदी स्वस्तातले निळे डोंगल अर्ध्या कमांड गिळतात, जरा बरा घ्या. आयफोन असेल तर वायफाय किंवा बीएलईवाला (लो एनर्जी ब्लूटूथ). कार स्कॅनरसारख्या अ‍ॅपमध्ये आपल्याच मॉडेलचं प्रोफाइल निवडा, कारण हा आकडा सर्वसाधारण ओबीडी यादीत येत नाही, प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा. स्क्रीनवर उणे ४० दिसलं तर गिअरबॉक्स गोठलेला नाही, कोड चुकलाय. खात्री सकाळी करा: रात्रभर उभ्या गाडीत गिअरबॉक्स ऑइल आणि कूलंट यांचे आकडे दोन-चार अंशांत जुळायला हवेत.

८० ते ९५ अंश नेहमीचं. कोंडीत १०५ झालं तर घाबरू नका. अलार्म ११५ ला लावा. १२० च्या वर गाडी बाजूला घ्या, पी मध्ये टाका, एसी बंद करा, पण इंजिन चालू ठेवा. इंजिन बंद केलंत तर पंप थांबतो आणि ऑइल कूलरपर्यंत जातच नाही.

गायमुखला आकडा चढतो कारण रांगत्या वेगात कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत, सगळी घसरण ऑइलमध्ये उष्णता होऊन उतरते. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं ही तर गिअरबॉक्स भाजायची रीत आहे. नवी मुंबईच्या पाम बीच रोडला एकसारख्या ६० ने गेलात की लॉक-अप लागतो आणि आकडा डोळ्यांदेखत उतरतो. तिथेही उतरला नाही, तर ऑइलची लेव्हल कमी, कूलर चिखलाने बुजलेला किंवा लॉक-अप क्लच घसरतोय.

लेव्हलचं बोलतो, कारण खरा घोळ तिथेच होतो. आयसिन या जपानी कंपनीच्या बऱ्याच सहा गिअरच्या बॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी सपाट उभी, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून परत पी, ऑइल साधारण ३५ ते ४५ अंशांत असताना खालचा ओव्हरफ्लो प्लग उघडायचा. बारीक धार आली की लेव्हल बरोबर. आमच्याकडचे मेकॅनिक गाडी फिरवून आणतात आणि तशीच रॅम्पवर घेऊन प्लग काढतात. तापलेलं ऑइल फुगलेलं असतं, जास्तीचं वाहून जातं, थंड झाल्यावर लेव्हल कमी भरते. मग पुन्हा धक्के, पुन्हा ताप. ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी ही ३५-४५ ची वेळ काही मिनिटांत निसटते, म्हणून हे काम सकाळी पहिलं करून घ्या. डोंगल खिशात घेऊन जा आणि आकडा स्वतः वाचून सांगा. मेकॅनिक तोंड वाकडं करील, करू द्या.

"साहेब, हे ऑइल लाइफटाइम आहे" असं काउंटरवर ऐकवतील. कोणाच्या लाइफचं, ते विचारा. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते आणि तीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. पुढचा वाद मी घालत नाही, हा आकडा दाखवा.

आणि हो, वरचे सगळे आकडे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचे. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा बॉक्स) ऑइल वेगळं, ड्राय क्लच डीसीटीत (दोन कोरडे क्लच असलेला बॉक्स) बघायचं ते क्लचचं तापमान. लेव्हलच्या अंशांसाठी आपल्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअलच बघा. गाडी वॉरंटीत असेल तर प्लगला बाहेरच्या कोणाला हात लावू देऊ नका. डोंगल मात्र खुशाल लावा, फक्त गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर काढून ठेवा, बॅटरी खातो.