काल ठणठणीत असलेली कोंबडी आज सकाळी मेलेली आढळली. माझे काय चुकले?

आपण लिहिले आहे की दोन वर्षांची, नियमित अंडी देणारी आपली कोंबडी संध्याकाळी नेहमीप्रमाणे दाणे टिपून दांडीवर बसली आणि सकाळी खाली पाय ताणून पडलेली आढळली. अंगावर जखम नव्हती, बाकीच्या तिन्ही कोंबड्या धडधाकट आहेत आणि आपण तिला लगेच पुरलेही. त्यानंतर घरातील एका व्यक्तीने "तुझ्याच हयगयीने गेली" असे म्हटले, ते आपल्या मनातून जात नाही. मी हे उत्तर मुख्यतः या शेवटच्या वाक्यासाठी लिहीत आहे, कारण नेमके हेच वाक्य मी स्वतः तीन वर्षे ऐकून घेतले आहे.

आधी मूळ प्रश्नाचे जेवढे उत्तर देता येते तेवढे देते. पुरून टाकलेल्या कोंबडीच्या मृत्यूचे कारण कोणालाही सांगता येणार नाही. मला नाही, पशुवैद्यांना नाही आणि आपल्याला दोष देणाऱ्या त्या व्यक्तीला तर मुळीच नाही. अंदाज मात्र करता येतो. सोबतच्या कोंबड्या निरोगी असताना आणि अंगावर ओरखडाही नसताना अंडी देणारी कोंबडी एका रात्रीत जाते, तेव्हा कारण बहुधा तिच्या पोटात किंवा छातीत दडलेले असते. चरबीने ठिसूळ झालेले यकृत फुटते, अंडे नळीत अडकते, बलक अंडनलिकेत न जाता पोटाच्या पोकळीत पडून तेथे जंतुसंसर्ग होतो, हृदय बंद पडते किंवा रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटते. हे शेवटचे कारण अनेकांना पटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. एक अंडे तयार होण्यास २४ ते २६ तास लागतात. त्यांपैकी सुमारे २० तास केवळ कवच घडण्यात जातात आणि त्यातला बराचसा काळ रात्रीचा, म्हणजे कोंबडी उपाशी बसलेली असतानाचा असतो. एका कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागते. खाद्यातून ते पुरले नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते, आणि तो साठाही आटत आला की स्नायू लुळे पडून ती पहाटेपर्यंत मरू शकते. तिची पूर्वज असलेली लाल रानकोंबडी वर्षाला १०-१५ अंडी देते, तर अंड्यांसाठी सुधारलेल्या जातींची कोंबडी ३०० च्या आसपास देते. एवढे ओझे रोज वाहणारा जीव "काही कारण नसताना" गेला, असे कोणी म्हटले की मला त्याचे आश्चर्य वाटते.

"अचानक" या शब्दाबद्दलही माझी तक्रार आहे. कोंबडी आजार लपवते. दुबळी दिसली की सोबतिणीच तिला टोचून मागे ढकलतात, आणि शिकारी प्राण्याची नजरही आधी तिच्यावरच पडते. कळपात कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेच्या थोर्लेइफ श्येल्डेरूप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास आपल्या प्रबंधात मांडले. पण परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या कोणालाही ते आठवडाभरात दिसतेच. म्हणून ती संध्याकाळी दाणे टिपत होती याचा अर्थ ती निरोगी होती असा होत नाही. तिने तसे दिसू दिले, एवढाच त्याचा अर्थ.

आता माझी हकीकत. आमच्याकडे पहिली गेली ती तांबडी. एका दुपारी कुत्रे परसात घोटाळत होते म्हणून मी खुराड्याचे दार लावून घेतले आणि संध्याकाळी उघडले, तेव्हा ती कोपऱ्यात मरून पडलेली होती. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, तासाभरात खड्डा खणून तिला पुरले आणि हात धुता धुता निकाल दिला: "तू दार लावलेस, ती उकाड्याने गुदमरली." हा निकाल खोटा ठरवणे कठीण होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या वर असते, आणि चोच उघडून धापा टाकणे व पंख अंगापासून दूर धरणे याखेरीज उष्णता बाहेर टाकण्याचे फारसे उपाय तिच्याजवळ नसतात. पण त्याच खुराड्यात त्याच दुपारी आणखी चार कोंबड्या होत्या, त्यांना काहीही झाले नव्हते, आणि पाण्याचे भांडे अर्धे भरलेले होते. हे मी दादाला त्या दिवशी सांगितले, पुढच्या वर्षी सांगितले आणि त्याच्या पुढच्या वर्षीही सांगितले. प्रत्येक वेळी त्याचे उत्तर एकच होते: "ती नाजूक होती."

तीन वर्षांनंतर, ऐन थंडीच्या दिवसांत, कवडी गेली. ही ठिपक्यांची, अंगाने भरलेली आणि दादाची विशेष लाडकी होती. तो रोज संध्याकाळी तिला स्वतःच्या तळहातावरून मका खाऊ घालत असे. सकाळी ती अंडी घालण्याच्या पेंढ्यावर बसल्यासारखीच मेलेली आढळली आणि तिचा तुरा कागदासारखा पांढरा पडला होता. दादा फावडे घेऊन निघाला, तेव्हा मी आडवी झाले. या वेळी शवविच्छेदन झाल्याखेरीज पुरू देणार नाही असे मी सांगितले, कोंबडी थंड पाण्याने भिजवली, दोन पिशव्यांत घट्ट बांधली आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. त्यावरून घरात काय काय बोलले गेले ते येथे लिहीत नाही. "नावच कवडी, तिच्यासाठी एवढा खटाटोप?" हे त्यातले सर्वांत सौम्य वाक्य होते, आणि ते दादाचे होते.

पशुवैद्यांनी पोट उघडले तेव्हा मला काही समजावून सांगावे लागले नाही. कातडीखाली आणि पोटात पिवळ्या चरबीचा जाड थर होता. जे यकृत गडद तांबूस तपकिरी असायला हवे ते फिकट पिवळसर, सुजलेले आणि बोट लावताच भुगा होईल असे झाले होते. त्याच्यावर रक्ताची मोठी गाठ बसली होती, आणि कवच पूर्ण झालेले एक अंडे बाहेर पडण्याच्या तयारीत होते. पक्ष्यांच्या शरीरात चरबी मुख्यतः यकृतातच तयार होते. गरजेपेक्षा जास्त ऊर्जा मिळत राहिली की ती तेथेच साठत जाते, यकृत ठिसूळ होते आणि अंडे घालताना दिलेल्या जोराचे निमित्त होऊन फुटते. आतल्या आत रक्तस्राव होऊन कोंबडी थोड्याच वेळात मरते, म्हणूनच तिचा तुरा पांढरा पडला होता. पशुवैद्यांनी विचारले, "मका किती देता?" दादा म्हणाला, "मूठभर." त्यावर त्यांनी विचारले, "कोणाची मूठ?"

घरी आल्यावर मी ती मूठ वजनकाट्यावर मोजली. ती ५५ ग्रॅम भरली. अंडी देणारी कोंबडी दिवसभरात सगळे मिळून १०० ते १२० ग्रॅम खाते. म्हणजे कवडीचे निम्मे पोट रोज मक्याने भरत होते. तिला खाद्यात १६-१७ टक्के प्रथिने लागतात आणि मक्यात ती जेमतेम ८-९ टक्के असतात. हा हिशेब मी दादासमोर ठेवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ही मक्याने गेली असेल. तांबडी मात्र उन्हानेच गेली." तांबडी पुरलेली असल्यामुळे त्यावर माझ्याजवळ तेव्हाही उत्तर नव्हते आणि आजही नाही, आणि मला खरी चीड याचीच आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की यापुढे कोंबडी गेली तर फावड्याला हात लावण्यापूर्वी पशुवैद्यांना किंवा पशुरोग निदान प्रयोगशाळेला विचारावे. पिसांमुळे शरीरातील उष्णता लवकर बाहेर जात नाही आणि आतले अवयव झपाट्याने सडतात. त्यामुळे शव शक्य तितक्या लवकर थंड करावे आणि एका दिवसाच्या आत पोहोचवावे. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये, कारण गोठल्यामुळे पेशी फुटतात आणि तपासणीत अडचण येते. दुसरा सल्ला असा की दाणे टाकण्याचे काम घरातील एकाच माणसाकडे असावे आणि त्याने ते मोजून टाकावेत. लाडाने खाऊ घालणारे आणि हयगयीचा आरोप करणारे बहुधा एकच असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घरातील त्या व्यक्तीला शांतपणे विचारा, की काल संध्याकाळी कोंबडीला तिने काय आणि किती घातले होते.

उरलेल्या तिघींसाठी आज एवढे करा: रात्री त्या दांडीवर बसल्या की एकेकीला उचलून पोट हाताने चाचपा, ते कडक किंवा पाण्याने भरल्यासारखे लागते का पाहा, आणि छातीच्या हाडाभोवती मांस उरले आहे का तेही बघा. उचलताना छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड हलले तरच तिला श्वास घेता येतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. उंदरांचे विष आसपास कोणी टाकले आहे का, याचीही चौकशी करा. नवी कोंबडी घाईने आणू नका, कारण एक गेल्यामुळे त्यांची उतरंड आधीच विस्कटलेली असते.

हे आधीच लिहायला हवे होते, ते आता लिहिते. वरचे सगळे एकटी कोंबडी गेली असेल तरच लागू आहे. दोन-चार दिवसांत दुसरी गेली, किंवा कोणाची मान वाकडी झाली, तुरा निळा-जांभळा पडला, डोके सुजले, तर माझे यकृतपुराण बाजूला ठेवा. राणीखेत, म्हणजेच मानमोडी, कोंबड्यांचा कॉलरा आणि बर्ड फ्लू हे रोग असेच झपाट्याने येतात. कॉलरा तर धष्टपुष्ट कोंबडीलाही पूर्वसूचनेवाचून मारतो. लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास लसीचे प्रयोग केले ते याच रोगावर. अशा वेळी शवाला उघड्या हाताने शिवू नका, पोट घरी उघडू नका, मांस खाऊ नका आणि सरकारी पशुवैद्यकीय कार्यालयाला कळवा. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये बर्ड फ्लूची लागण १८ माणसांना झाली होती आणि त्यांपैकी ६ दगावली होती. मी स्वतः पशुवैद्य नाही, हेही येथेच नोंदवते.

आणखी एक कबुली द्यायची आहे, जी दादाला मी अजून दिलेली नाही. कवडीचे यकृत दाखवताना पशुवैद्य म्हणाले होते की असे मृत्यू उन्हाळ्यात वाढतात, कारण आधीच चरबीने भरलेल्या कोंबडीला उष्णतेचा ताण सोसत नाही. तांबडीही अंगाने जड होती आणि तिलाही मका मिळत असे. म्हणजे त्या दुपारी मी लावलेल्या दाराचा काही वाटा असू शकतो आणि दादाच्या मुठीचाही.

दुःखाबद्दल आपण विचारले आहे. रडू येत असेल तर रडावे. ते कोंबडीसाठी आहे म्हणून लाज वाटण्याचे कारण नाही. पिसे विखुरलेली दिसली म्हणून ती फार तडफडली असेल असे समजू नका. मरताना होणारी फडफड पुष्कळदा शुद्ध हरपल्यानंतरचीच असते. दादा कवडी गेल्यावर आठ दिवस खुराड्याकडे फिरकला नव्हता, हे मी तेव्हा वादाच्या भरात पाहिले नाही. आता तो मका काट्यावर मोजून घालतो, सगळ्या कोंबड्यांत मिळून ३० ग्रॅम. तांबडीला पुरले त्या जागेवरून जाताना "ही उन्हाने गेली" असे तो अजूनही म्हणतो.