व्यायामानंतर अंग दुखतंय? लगेच सोडू नकोस

अगं, सुरुवातीला मांड्या-पोटऱ्या सगळ्यांच्याच ठणकतात, नवीन व्यायाम केला की 24 ते 72 तासांत दुखणं सगळ्यात जास्त असतं आणि मग आपोआप ओसरतं, त्यामुळे जिना उतरताना आई गं झालं म्हणून घाबरू नकोस. नुसती पडूनही राहू नकोस, 10-15 मिनिटं हळूहळू चाल, पाणी पी.

पण आपल्याला शुगर आहे ना, म्हणून हे आधी वाच:

- गरम पिशवी जपून. पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर चटका कळतच नाही. मी पोटरीवर मस्त फोड आणून बसले होते, बरा व्हायला किती दिवस गेले ते विचारूच नकोस. कोमटच ठेव, टॉवेलमधून.
- आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर मनाने नको, किडनीला त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना विचार.
- इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामानंतर कितीतरी तासांनी, अगदी रात्री झोपेतसुद्धा शुगर उतरू शकते. थरथर, घाम आला की थकवा समजून झोपू नकोस, मोज. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज घे आणि 15 मिनिटांनी परत मोज.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पहिल्याच दिवशी उत्साहात 50 स्क्वॉट. 8-10 पुरेत गं, आणि मध्ये एक दिवस सोड.

एकच पोटरी सुजली किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे जा.